गल्फला गेलेला हत्ती

माझा नातू हर्षवर्धन तेव्हा सात वर्षांचा होता. एका रविवारी दुपारी आगाशीच्या घरी आम्ही दोघं बुद्धिबळ खेळत होतो. त्यानं उंटानं माझा घोडा घेतला, घोडा माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, "आजोबा, तुमचा घोडा गल्फला गेला. टाटा करा."

मी टाटा केला नाही. चौऱ्याऐंशी साली बुद्धिबळात तालुक्यात पहिला आलेला माणूस मी. तेव्हा मिळालेल्या कपात आमच्या घरी हल्ली चमचे ठेवतात, पण खेळाचा मान मी अजून ठेवतो. घोडा मारला असं म्हणायचं, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, बुद्धिबळाच्या इनेझ टीचर म्हणतात मारायचं नाही. मग मी तुझा वजीर घेतला तर, असं विचारलं. तो पण गल्फला जाईल आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की परत येईल, असं उत्तर आलं. तहसील कचेरीत चौतीस वर्षं काढल्यामुळे चुकीचा नियम दिसला की माझं डोकं फिरतं. पुढच्या रविवारी त्याला टीचरकडे नेणाऱ्या सूनबाईला घरी बसवलं, नातवाला स्कूटरवर घेतलं आणि गिरीज गाठलं. त्या टीचरबाईंना दोन शब्द सुनवायचे, एवढाच बेत होता.

इनेझबाईंचं घर केळींच्या मागे, रस्त्यावरून दिसायचं नाही. मुलांच्या आवाजाच्या दिशेनं चालत राहायचं. साठी उलटलेली, अंगानं बारकी, पांढरे केस कानामागे घट्ट बसवलेली बाई. बालवाडीत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नव्हतं. दोघं भाऊ बहारीनला गेले, परत आले, मग बायकापोरांसकट कॅनडात जाऊन बसले. वाडी, विहीर आणि एक म्हातारा कुत्रा बाईंच्या गळ्यात राहिला. भावांशी फोनवर आणि कुत्र्याशी त्या वाडीतल्या बोलीत बोलायच्या, मुलांशी मात्र शाळेतली स्वच्छ मराठी. चर्चमधला रविवारचा मिस्सा आणि धर्मशिक्षणाचा वर्ग आटोपला की पाच ते आठ वर्षांची दहा-बारा मुलं त्यांच्या ओटीवर जमत. गावातली आणि नव्या इमारतींतली, ख्रिस्ती आणि हिंदू, सगळी एकत्र.

मी पोचलो तेव्हा गोष्ट चालू होती. मी तोंड उघडणार तोच एका पोरानं पाट सरकवला आणि ओठांवर बोट ठेवलं. बसलो तो बसलोच.

बाईंच्या गोष्टीत पट म्हणजे वाडी आणि चौसष्ट घरं म्हणजे चौसष्ट वाफे. राजा हा वाडीचा म्हातारा मालक, गुडघे गेलेले, म्हणून एका वेळी एकच वाफा चालणार. वजीर ही त्याची बायको. भाजी काढणं, बाजार, चर्च, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं तिच्याकडे, म्हणून ती वाटेल तिकडे वाटेल तितकी जाते. वजिराला बायको केलेलं मला पटलं नाही, पण आमच्या घरची परिस्थिती आठवून गप्प बसलो. हत्ती म्हणजे टेम्पो, सरळ रस्ता सोडायचा नाही. उंट म्हणजे शेजारी, नाकासमोर कधी येणार नाही, बांधावरून तिरकाच येणार. वाडीत मधे मधे बावखलं असतात, म्हणजे पाण्याची तळी. घोडा त्यांवरून अडीच घरं उडी मारतो. आणि प्यादी म्हणजे शाळेत निघालेली पोरं. पुढे जायचं, मागे वळायचं नाही.

ज्याला उचललं तो गल्फला गेला. गिरीजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नव्हतं. दोन घरं सोडून तिसऱ्या घरातला कुणी ना कुणी कुवेतला, मस्कतला, दोह्याला असतोच. तो जातो, घर थोडं रिकामं होतं, आणि नाताळाला तो बॅगा घेऊन परत येतो. बाईंच्या भावानं ज्यातून चॉकलेटं आणली होती तो निळा पत्र्याचा डबा पटाशेजारी ठेवलेला असे. तोच गल्फ. उचललेली सोंगटी त्यात ठेवायची आणि टाटा करायचा. प्यादं शेवटच्या वाफ्यात पोचलं की डब्यातल्या एकाला घरी आणायचं. बाईंचे नियम तीनच होते. हात लावला की ती सोंगटी हलवायची, डाव अर्धा सोडायचा नाही, आणि एकदा सांगितलेली गोष्ट नंतर फिरवायची नाही. जेन्सन नावाचा एक चलाख पोरगा त्या दिवशी म्हणाला की माझा वजीर गल्फला गेलाच नाही, त्याचं विमान रद्द झालं. बाईंनी त्याला हसत हसत पण ठाम सांगितलं की गोष्ट फिरवली तर उद्या तुझ्यावर कोण विश्वास ठेवील.

मुलं गेल्यावर मी माझे दोन शब्द काढले. मारलं याला मारलं म्हणावं. आणि प्याद्याचा वजीर होतो तेव्हा गेलेला कुणी परत येत नसतो, त्या प्याद्यालाच बढती मिळते. हवं तर एका बाजूला दोन-दोन वजीर होऊ शकतात. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सोंगट्यांच्या खोक्यात एका रंगाचा वजीर एकच येतो हो, आत्मारामभाऊ. दुसरा मी कुठून आणू?" आणि मला नारळपाणी दिलं. पाच वर्षांच्या मुलांना मारामारी शिकवायची नाही, असं त्यांचं म्हणणं. मोठी झाली की तुमचा नियम शिकतीलच, तोवर माझा चालू द्या. मी तणतणत घरी आलो आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. नंतर जातच राहिलो. मुलांच्या सोंगट्या मांडून देणारा, शह म्हणजे काय ते पाचव्यांदा सांगणारा, असा एक बिनपगारी कारकून त्यांना मिळाला. माझी टीका चालूच होती. बाई ती नारळपाण्याबरोबर ऐकून घेत.

बाईंचं एक कौशल्य मात्र मी मानलं. मुलांशी हरावं कसं, ते त्यांच्याकडून शिकावं. वजीर असा सहज विसरल्यासारखा उघड्यावर टाकायच्या की मला सुद्धा खरं वाटायचं. पाच वर्षांचं पोर त्यांना मात देऊन उड्या मारत घरी जायचं.

एकच मुलगी त्यांच्याविरुद्ध कधी जिंकत नव्हती.

तिचं नाव आर्या. सहा वर्षांची, दोन वेण्या, बोलणं कमी. तिची आई ज्युली ही गिरीजचीच मुलगी, रविवारीही एका नर्सिंग होममध्ये रिसेप्शनवर बसायची. सकाळी पोरीला ओटीवर सोडून जायची, दुपारी एकला न्यायला यायची. ही आर्या विचित्र खेळायची. डाव सुरू झाला की पाचव्या-सहाव्या खेळीला आपला एक हत्ती सरळ बाईंच्या तोंडी द्यायची. चुकून नव्हे, चांगला समजून उमजून. बाईंनी तो घेतला नाही तर पुन्हा पुढे ढकलायची. मग डब्यात ठेवून त्याला टाटा करायची आणि एक प्यादं धरून बसायची. हत्ती फुकट घालवू नये, असं मी तिला चार वेळा समजावलं. ती मान हलवायची आणि पुढच्या डावात तेच करायची.

आणि बाई तिच्याशी अशा खेळायच्या की जणू समोर कुणी मोठा स्पर्धक बसलाय. तिचं प्यादं पाचव्या-सहाव्या घरात गेलं की बाईंचे ओठ घट्ट मिटायचे. ते प्यादं पडेपर्यंत मिटलेले. दुसऱ्या कुणा मुलाबरोबर तिला खेळू देत नसत. दर रविवारी ती हरायची, सोंगट्या नीट खोक्यात भरायची आणि म्हणायची, "पुढच्या रविवारी." रडायची नाही. तेच मला बघवेना.

पाच-सहा महिने मी हे बघत राहिलो, मग एका रविवारी मुलं गेल्यावर भडकलो. आर्या अंगणात कुत्र्याजवळ बसून आईची वाट बघत होती. मी म्हटलं, "इनेझबाई, सगळ्यांना जिंकवता. या एकाच लेकरावर एवढा दात का? एकदा तरी तिचं प्यादं जाऊ द्या."

बाई ओटीच्या पायरीवर बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "जाऊ दिलं तर ती फाटकात जाऊन उभी राहील, आत्मारामभाऊ. तिचे पप्पा नाहीत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी आगाशीचा, मला गिरीजमधलं काय ठाऊक. ज्युलीनं जूचंद्रच्या दीपेशशी लग्न केलं होतं, दोन्हीकडच्या घरांना न विचारता. तो मस्कतला ट्रेलर चालवायचा. आर्या चार वर्षांची असताना तिकडेच झोपेत गेला. जूचंद्रला त्याचं सगळं केलं तेव्हा पोरीला लांब मावशीकडे ठेवलं होतं. नंतर ज्युली तिला घेऊन माहेरी आली. पप्पा कुठे, या प्रश्नाला ती आधी जे उत्तर द्यायची तेच देत राहिली. गल्फला. मोठ्या माणसांना सगळं माहीत होतं. कुणी बोललं नाही, त्यामुळे पोरांना कल्पना नव्हती.

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "मी दीपेशला बघितलेलं. तरी ती पहिल्या दिवशी येऊन बसली आणि मी नेहमीसारखी गोष्ट सांगितली. बारा वर्षं तीच सांगतेय हो. तोंडातून निघून गेली. टेम्पो म्हटल्यावर तिनं हत्ती हातात घेतला तो सोडेचना."

त्याच दिवशी घरी जाताना आर्यानं आईला सांगितलं होतं की पप्पांना कसं आणायचं ते टीचरनी शिकवलं. हत्ती आधी गल्फला पाठवायचा, मग प्यादं पोचवायचं.

मी तावातावानं म्हटलं की हे ताबडतोब थांबवलं पाहिजे, पोरीला खरं सांगितलं पाहिजे. बाईंनी विचारलं, कोण सांगणार? त्या दोनदा ज्युलीकडे गेल्या होत्या. ज्युली आधी रडली, मग चिडली, मग हात जोडले. "टीचर, प्लीज. मी स्वतःलाच अजून नीट सांगितलं नाहीये. ती दुसरीत गेली की सांगते. तोपर्यंत तुम्ही फक्त ते प्यादं जाऊ देऊ नका." आईनंच असं म्हटल्यावर बाई कोण बोलणार? वर्गातून काढावं, तर त्या पोरीला आठवड्यात मुलांत मिसळायची ती एकच जागा. गोष्ट फिरवावी, तर नियम त्यांचाच. त्यांनी एकदा करून बघितलं होतं म्हणे. प्यादं पोचलं की फक्त पत्र येतं, असं म्हणून बघितलं. आर्यानं शांतपणे आठवण करून दिली, "टीचर, सांगितलेली गोष्ट फिरवायची नाही."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. बाई दर रविवारी ते धरून बसत होत्या. मी ज्या बाईला कठोर म्हणायला आलो होतो ती इतके महिने एका लेकराच्या बापाला दारात येऊ न देण्याचं काम करत होती, आणि ते काम तिनं त्या लेकराच्या आईच्या शब्दाखातर अंगावर घेतलं होतं. मला लाज वाटली. त्या दिवसानंतर मी मारलं म्हणा, असं त्यांना कधी सांगितलं नाही.

यातून जे व्हायचं तेच झालं, आणि माझ्यासारख्या जुन्या खेळाडूला ते आधीच दिसायला हवं होतं. ज्या पोरांना बाईंनी जिंकवलं ती होती तिथंच राहिली. जिला दर रविवारी पाडलं ती शिकली. कोणतं प्यादं कुठे अडकतं, कोणत्या घरावर कोण नजर ठेवून असतं, राजा कधी लांब असतो, सगळं त्या दोन वेण्यांत जमा होत गेलं. एक हत्ती आधीच देऊन टाकून खेळणारी मुलगी! ऑक्टोबरात तिचं प्यादं सहाव्या घरापर्यंत यायला लागलं. नोव्हेंबरात दोन वेळा सातव्यात आलं. बाई घामाघूम व्हायच्या. मी शेजारी बसून मनातल्या मनात त्यांच्या बाजूनं खेळायचो. एका लहान मुलीच्या विरुद्ध दोन म्हातारी माणसं.

डिसेंबर उजाडला. गावात गल्फची माणसं यायला लागली. रस्त्यानं टॅक्स्या, टपावर दोरीनं बांधलेल्या बॅगा. जेन्सनचे पप्पा कुवेतहून आले, त्यानं ओटीवर सगळ्यांना चॉकलेटं वाटली. आर्यानं आपलं खाल्लं नाही, फ्रॉकच्या खिशात ठेवलं. कुणासाठी ते मी विचारलं नाही. बाईंनी तिच्या खिशाकडे एकदा बघितलं आणि सोंगट्या मांडायला घेतल्या. नाताळाआधीचा शेवटचा रविवार होता तो.

हत्ती सहाव्या खेळीला गेला. टाटा झाला. मग सोंगट्या भराभर कमी होत गेल्या आणि बाराच्या सुमाराला पटावर दोन राजे आणि मोजकी प्यादी उरली. बाकी मुलं आपले डाव सोडून भोवती जमली होती. आर्यानं डाव्या कडेचं प्यादं पुढे सारलं. बाईंचा राजा ते अडवायला निघाला, एक एक वाफा करत. त्यानं ते घेतलं. तेव्हा आर्यानं उजव्या कडेच्या प्याद्याला हात लावला, आणि मला कळलं. डावीकडचं तिनं मुद्दाम दिलं होतं. राजाला तिकडे नेण्यासाठी. ही खेळी तिला मी शिकवली नव्हती, बाईंनी तर नव्हतीच.

मी घरं मोजली. पुन्हा मोजली. राजाला उशीर होत होता. बाईंनीही मोजलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं. काही सुचवा, असं ते बघणं होतं. तालुक्यात पहिला आलेला माणूस शेजारी बसला होता आणि त्याच्याकडे एकही खेळी नव्हती. म्हातारा मालक गुडघे ओढत चार वाफे आला. प्यादं चार वाफे गेलं आणि शेवटच्या घरात उभं राहिलं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. आर्यानं डब्यातून आपला हत्ती शोधून काढला, फ्रॉकला पुसला आणि प्याद्याच्या जागी ठेवला. मग उठून चपला शोधायला लागली.

मी तिला थांबवलं. ज्या नियमासाठी मी एवढा भांडलो तो नियम तरी कामाला येईल, असं वाटलं. मी म्हटलं, "आर्या, खरा नियम वेगळा आहे बाळा. कुणी परत येत नसतं. त्या प्याद्याचाच हत्ती होतो."

तिनं मला वाईट वाटू नये म्हणून थोडा विचार केल्यासारखं केलं. "काका, तुमचा मोठ्यांचा नियम आहे. आमचा टीचरचा आहे." आणि ती पायऱ्या उतरून, केळींमधून, फाटकाकडे चालत गेली.

बाईंनी बाकीच्या मुलांना लवकर घरी पाठवलं. मला म्हणाल्या की ज्युलीला फोन लावा, मी फाटकावर नजर ठेवते. मी ज्युलीला झालं ते सांगितलं. तिच्या मागे कुणाचा तरी नंबर पुकारत होते. मग म्हणाली, "काका, मी निघते. तोपर्यंत टीचरना सांगा, काहीतरी सांगा तिला." काय ते तिनंही सांगितलं नाही.

आम्ही दोघं फाटकाशी गेलो. आर्या फाटकाच्या खालच्या दांडीवर चढून रस्त्याकडे बघत उभी होती, खिशावर एक हात. एक टॅक्सी आली, टपावर बॅगा. ती वळून दुसऱ्या आळीत गेली. आर्यानं तिच्यामागे बघितलं आणि पुन्हा रस्त्याच्या टोकाकडे. सांगायचं ते माझ्या जिभेवर होतं. मारलं म्हणा, गेलं म्हणा, असं मी त्या ओटीवर किती वेळा म्हटलं असेन. आता तो एक साधा शब्द मला काढता येईना. इनेझबाईंचे ओठ हलत होते. प्रार्थना होती की सांगायची वाक्यं होती, मला कळलं नाही. त्यांनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. सांगायचं ठरवलं असावं, कारण त्यांनी श्वास घेतला.

आर्यानं मान वळवली. तिला एकदम काही आठवलं होतं. डाव अर्धाच राहिला होता, आणि डाव अर्धा सोडायचा नाही, असं टीचरनीच शिकवलं होतं.

"टीचर," तिनं विचारलं, "आता चाल कुणाची?"

"माझी," इनेझबाई म्हणाल्या, आणि तिच्या पाठीवरचा हात तसाच ठेवून रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.